दोन प्रश्नांचा क्रम

माझ्या पदाचं नाव वाचून लोक हसतात, याची मला आता सवय झाली आहे. दारावर पाटी आहे: ‘डॉ. प्रणिता गुल्हाने, संशोधक-प्राध्यापक, मानवी भावस्मृतीचा क्वांटम सिद्धांत’. पाटी इतकी लांब झाली की रंगाऱ्याने शेवटचा शब्द खालच्या ओळीत कोंबला. नवे कुलगुरू आले की एकदा येऊन पाटी वाचतात, चहा पितात आणि जाताना हळूच विचारतात, ‘‘म्हणजे नेमकं काय करता हो तुम्ही?’’ मी सांगते, ‘‘माणसाला दोन प्रश्न विचारते.’’ त्यांना तो माझा विनय वाटतो. विनय माझ्यात औषधालाही नाही. मी खरंच दोन प्रश्न विचारते, आणि त्याच दोन प्रश्नांनी मी एका म्हाताऱ्या माणसाचं उरलेलं आयुष्य कसं नासवलं ते सांगायला बसले आहे. शेवटी मी डोळे पुसत माफी मागेन अशी आशा असेल, तर आत्ताच सोडून द्या.

एप्रिल संपत आला होता. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कूलरच्या घरघरीत मी एक अहवाल वाचत बसले होते आणि नामदेवभाऊ दारात येऊन उभे राहिले.

नामदेवभाऊ इंगोले हे आमच्या विभागाचे सगळ्यात जुने कर्मचारी. मी इथे विद्यार्थिनी होते तेव्हापासून प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांचं टेबल आहे, आणि टेबलावर स्टीलचा एक मोठा पोळ्यांचा डबा. आत मोबाइल नेला की चुंबकीय मोजमापं बिघडतात, म्हणून जाणारा प्रत्येक जण आपला फोन त्या डब्यात ठेवतो. सतरा वर्षांत आतली यंत्रं तीनदा बदलली. डबा तोच आहे.

‘‘मॅडम, ठोसर सर आले,’’ नामदेवभाऊ म्हणाले.

‘‘कोण?’’

‘‘आपले ठोसर सर. बायेर बसले हायेत. अर्ज घेऊन आले म्हनतात.’’

मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. तरी दुसऱ्यांदा म्हणवून घेतलं.

डॉ. मुकुंद ठोसर हे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. आत आले तेव्हा हातात काठी होती, शर्ट मात्र पूर्वीसारखाच कडक इस्त्रीचा. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, पण खुर्चीत बसला तो विभागप्रमुखासारखा. अर्ज माझ्यापुढे सरकवला. ‘आठवण थोडक्यात लिहा’ या रकान्यात त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘एका विद्यार्थिनीच्या बाबतीत वेळेवर न घेतलेला निर्णय.’

न घेतलेला निर्णय! वा. शब्द कसे निवडावे हे या माणसाकडून शिकावं.

‘‘तू मोठं काम केलंस, प्रणिता,’’ ते म्हणाले. ‘‘मी सगळं वाचत असतो. अभिमान वाटतो.’’

‘‘आपली कृपा, सर.’’

‘‘निवृत्तीनंतर हाताला काम नाही. मग एकच दिवस आठवत राहतो. फार आठवतो. तुला माहीत आहे कोणता.’’

‘‘तुम्ही सांगा ना.’’

‘‘सांगायची काय गरज आहे?’’ त्यांनी चष्मा पुसला. ‘‘तू आठवणी हलक्या करून देतेस. ही एवढी करून दे. तुझ्याशिवाय मी कुणाच्या खुर्चीत बसणार नाही.’’

‘‘ज्या आठवणीत आपण स्वतः आहोत ती आपण घ्यायची नाही, असा नियम आहे, सर.’’

‘‘इथले नियम मीच लिहिलेत,’’ ते हसले. ‘‘अपवाद मला माहीत आहेत.’’

मी थांबले. चांगलं अर्धा मिनिट थांबले. ‘चुकलं माझं’ एवढे दोनच शब्द हवे होते मला. तेही नाही, तर नुसतं खाली बघितलं असतं तरी कदाचित मी त्यांना दुसऱ्या कुणाकडे पाठवलं असतं. पण तो माणूस माफी मागायला आलाच नव्हता. माफी न मागता मोकळं व्हायला आला होता, आणि तेही माझ्याच हातून.

‘‘येत्या गुरुवारी या,’’ मी म्हणाले. ‘‘तीन वाजता. पोटभर जेवून या, सर.’’

आता तो दिवस.

सतरा वर्षांपूर्वी आमचे सेन्सर द्रव हेलियमवर चालायचे. हेलियम महिन्यातून एकदा यायचा आणि पिंप उघडलं की सहा तासांत हवेत उडून जायचा. त्या सहा तासांत मोजमाप झालं तर झालं, नाहीतर पुढच्या महिन्यापर्यंत हात चोळत बसा. सरांचा एक नियम होता: जे दुसऱ्याला विचाराल ते आधी स्वतःला विचारा. म्हणून नव्या प्रयोगाला खुर्चीत पहिला विद्यार्थीच बसायचा. त्या दिवशी मी बसले होते. मला एक आनंदाची आठवण काढायला सांगितली होती, आणि मी माझ्या बाबांची काढली. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घरी आले की हातावरचं ग्रीस फडक्याने पुसता पुसता पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘जेवली काय वं?’’ मी जेवले असले तरी ‘नाही’ म्हणायचे, म्हणजे त्यांच्या ताटात बसायला मिळायचं.

मी ही आठवण काढत होते तेव्हा बाबा अमरावतीला दवाखान्यात होते. सकाळी छातीत दुखलं म्हणून नेलं होतं. शस्त्रक्रियेला आत घ्यायच्या आधी त्यांनी मला फोन लावला. तीनदा लावला, तीनदा तो पोळ्यांच्या डब्यात वाजला. मग त्यांनी विभागाच्या फोनवर लावला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नामदेवभाऊंनी सरांना सांगितलं, ‘‘गुल्हाने मॅडमच्या घरून फोन हाय, तब्येतीचं हाय.’’ सर म्हणाले, मोजमाप संपेपर्यंत आत कुणी जायचं नाही.

चार पस्तीसला बाबा गेले. चार पन्नासला मी हसत बाहेर आले, कारण आलेख फार सुंदर आला होता.

सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘तशीही तू वेळेत पोचली नसतीस.’’

इथून अमरावती तीन तासांवर. हिशेब त्यांचा अचूक होता. पण मला पोचायचं नव्हतं हो. मला दोन मिनिटं बोलायचं होतं. सतरा वर्षं मी हे वाक्य दातांखाली धरून आहे. दात घासताना, वर्गात शिकवताना, लग्नाच्या मांडवात, घटस्फोटाच्या सहीला, सगळीकडे ते माझ्यासोबत होतं. तो आलेख पुढे गाजला. सरांना त्यावर पदक मिळालं. आलेखाखाली बारीक अक्षरात छापलं होतं: ‘व्यक्ती क्रमांक एक, स्त्री, वय सव्वीस’. बाप मरत असताना त्याची आनंदाने आठवण काढणारी मुलगी, एवढी तरी ओळख लिहायची.

आमच्याकडे प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान असतं, आणि मार्गदर्शकाचे आभार न मानणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे. मीही मानले. लिहिलं, ‘वेळेची किंमत मला डॉ. मुकुंद ठोसर यांनी शिकवली.’ सरांना ते वाक्य इतकं आवडलं की माझ्या तोंडी परीक्षेत त्यांनी ते बाहेरच्या परीक्षकांना मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पेढे खाल्ले.

विज्ञान थोडक्यात सांगते, कारण माझा सूड त्यातच आहे.

भाजी फोडणीत घातली तर एक चव येते. तीच फोडणी शिजलेल्या भाजीवर वरून ओतली तर दुसरी. जिन्नस तेच, फक्त क्रम उलटा. साध्या गणितात तीन गुणिले पाच आणि पाच गुणिले तीन सारखंच, पण अणूंच्या दुनियेत तसं नाही. तिथे आधी काय मोजलं यावर नंतर काय सापडेल ते ठरतं, कारण मोजण्यानेच वस्तू बदलते. माणसाच्या भावनांना हेच गणित लागू पडतं, हे बऱ्याच जणांनी आधी दाखवलं होतं. मेंदूत अणूंची काही जादू चालते असा याचा अर्थ नाही. गणित तेवढं तिथलं आहे. आधी विचारा ‘संसारात सुखी आहात का?’ आणि मग विचारा ‘गेल्या महिन्यात किती भांडलात?’ आता प्रश्न उलटे करा. उत्तरं वेगळी येतात, आणि दोन्ही वेळा माणूस खोटं बोलत नसतो.

माझी भर एवढीच की ही उत्तरं कायमची बसवता येतात. आपण एखादी आठवण काढतो तेव्हा ती काही काळ ओली होते आणि बाजूला ठेवली की पुन्हा वाळते. आमचं शिरस्त्राण कपाळावरच्या चुंबकीय स्पंदनांवरून ती ओली झालेली ओळखतं आणि हलके ठोके देऊन अकरा मिनिटं ओलीच ठेवतं. त्या वेळात मी दोन प्रश्न विचारते. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ आणि ‘तेव्हा त्या दुसऱ्या व्यक्तीला काय वाटलं असेल?’ जो प्रश्न पहिला, त्याचं उत्तर आठवणीत मुख्य होऊन बसतं. दुसऱ्याला मग उरलेल्या जागेत अंग चोरून बसावं लागतं. अपराधाची बोच घेऊन आलेल्या माणसाला मी आधी त्याचं स्वतःचं विचारते. दुसऱ्याचं दुःख मग पातळ होतं आणि माणूस हलका होऊन घरी जातो.

उलटा क्रम मी एकदाच करून पाहिला होता. वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक हौसेने बसले. लहानपणी त्यांनी धाकट्या भावाची पाटी फोडली होती. उलट्या क्रमानंतर ते त्या भावासारखे रडू लागले. भाऊ दुबईत मजेत होता आणि हे पाटी दिसली की हमसून हमसून रडत. नशीब, स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारतात तशी ही आठवणही पक्की व्हायला एकवीस दिवस घेते. तोवर पुन्हा बसवून सरळ क्रमाने विचारलं की सुटका होते. एकविसाव्या दिवसानंतर नाही. एकोणिसाव्या दिवशी मी त्यांना सोडवलं आणि उलट्या क्रमावर बंदी घातली.

बंदी मीच घातली होती. प्रश्नपत्रिकेवर क्रम मीच लिहिते, त्यावर सहीही माझीच असते.

गुरुवारी सर वेळेवर आले. वेळेचे पक्के. नामदेवभाऊंनी त्यांचा फोन डब्यात ठेवून घेतला, माझाही. मी त्यांना खुर्चीत बसवलं, शिरस्त्राण चढवलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला. थोडा जास्तच आवळला.

‘‘त्या दिवसाची आठवण काढा, सर.’’

पडद्यावरची रेघ थरथरली, चढली आणि स्थिर झाली. आठवण ओली झाली होती. मी ठोके सुरू केले. पहिला टप्पा ठरलेला असतो: त्या प्रसंगातली दुसरी व्यक्ती कोण, हे बसणाऱ्याने स्वतः सांगायचं. आपण सुचवायचं नाही. उत्तर मला माहीतच होतं. मी सतरा वर्षं त्यांच्या मनात ठाण मांडून बसले आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

‘‘तुमच्याशिवाय दुसरी व्यक्ती कोण?’’

‘‘तिचे वडील,’’ सर म्हणाले.

माझा हात कळफलकावरच राहिला. म्हणजे फोन यांनी स्वतः घेतला होता. हे बाबांशी बोलले होते! बाबांचे शेवटचे शब्द सतरा वर्षं या कडक इस्त्रीच्या माणसाच्या डोक्यात पडून होते, आणि हा माणूस ते पुसून घ्यायला माझ्याकडे आला होता.

मी तिथे थांबू शकले असते. थांबणं योग्यही झालं असतं. मला योग्य वागायचं नव्हतं.

‘‘तेव्हा त्या दुसऱ्या व्यक्तीला काय वाटलं असेल?’’

सरांनी डोळे उघडले. क्रम त्यांना माहीत होता, माझा प्रत्येक लेख त्यांनी वाचला होता. ‘‘प्रणिता,’’ ते हळू म्हणाले, ‘‘हा प्रश्न आधी नाही ना?’’

‘‘उत्तर द्या, सर.’’

आठवण ओली असताना उत्तर टाळता येत नाही. त्यांनी प्रयत्न केला. ओठ दाबून धरले, काठीसाठी हात चाचपडला. मग बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांची ती शुद्ध भाषा सुटत गेली.

‘‘तो म्हणाला, ‘दोन मिंटं बोलू द्या ना सर, मले आत नेऊन राहिले.’ मी म्हणालो, प्रयोग चालू आहे, अर्ध्या तासाने लावा. तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘बरं सर. तुमचं काम मोठं हाय, मले समजते.’ मी फोन ठेवणार, तर घाईघाईने म्हणाला, ‘जेवली काय, तेवढं इचारून ठेवा तिले.’ त्याला…’’ सरांनी खुर्चीचा हात धरला. ‘‘त्याला भीती वाटत होती. आत जायची नव्हे. तिचा आवाज न ऐकता आत जायची. एकदाच ऐकायचा होता. एकदाच. आणि माझ्याशी वाद घालायची त्याची हिंमत झाली नाही, कारण मी सर होतो.’’

मी पडद्याकडे बघत राहिले. मी रडले नाही. सात मिनिटं त्यांना त्यातच बसवून ठेवलं, आणि मग नियमाप्रमाणे दुसरा प्रश्न विचारला.

‘‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’’

‘‘हेलियम संपेल असं वाटलं,’’ ते म्हणाले. त्या उत्तराला आता जागाच उरली नव्हती.

पट्टा सोडला तेव्हा ते दोन मिनिटं उठले नाहीत. जाताना एकदाच माझ्याकडे बघितलं. तक्रार नव्हती त्या नजरेत. मला हवी होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. नाव दिसत होतं: ठोसर सर. मी फोन टेबलावर उताणा ठेवला आणि तो वाजून वाजून थांबेपर्यंत बघत बसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार दहा. चौथ्या दिवशी पुन्हा. मी एकदाही उचलला नाही. चारच्या सुमारास मी हातातली कामं संपवून तयार बसू लागले, इतकी मला त्याची गोडी लागली.

बाराव्या दिवशी एक बाई भेटायला आल्या. चाळिशीच्या, चेहरा सरांचा. म्हणाल्या, ‘‘मी ऋजुता. ठोसर सरांची मुलगी. नाशिकहून आलेय.’’

‘‘बसा.’’

‘‘मॅडम, बाबांना काय झालंय? इथून आल्यापासून दुपारी तीनपासून फोन हातात धरून बसतात. चार वाजून गेले की तुम्हाला लावतात. तुम्ही उचलला नाही की…’’ त्यांनी पदर तोंडाला लावला. ‘‘कासावीस होतात हो. सात सात वाजेपर्यंत. ‘मला तिचा आवाज ऐकायचाय, एकदाच ऐकायचाय’ एवढंच. मी शेजारी बसलेली असते. मी म्हणते, बाबा, मी आहे ना, माझा ऐका आवाज. तर माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू मी परक्याच घरची.’’

‘‘त्यांनी सांगितलं नाही काय झालं ते?’’

‘‘एक अक्षर नाही. म्हणतात, बरोबर झालंय. काय बरोबर झालंय?’’

हे मला अपेक्षित नव्हतं. तक्रार केली असती तर माझं पद गेलं असतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी म्हणाले, ‘‘क्वचित असं होतं. एकवीस दिवसांच्या आत पुन्हा बसवलं तर सुटतं. घेऊन या.’’

‘‘येतच नाहीत ते. पण मी आणते. कसंही करून आणते.’’

त्या गेल्यावर नामदेवभाऊ आत आले. बाहेरून सगळं ऐकलं होतं त्यांनी, लपवलंही नाही.

‘‘मॅडम, तुम्हाले एक सांगायचं होतं. तेव्हाच सांगायला पायजे होतं. तो फोन सरांनी सोताच घेतला होता.’’

‘‘कळलंय मला.’’

‘‘मी तेव्हा रोजंदारीवर होतो. सरांच्या एका शब्दावर घरी बसलो असतो. नाई सांगू शकलो.’’ त्यांनी डब्याचं झाकण हातात घेऊन उगाच पुसलं. ‘‘पन आता सोडा त्याईले. म्हातारा मानूस हाय. त्या पोरीनं काय केलं तुमचं?’’

‘‘मी काय केलं होतं, नामदेवभाऊ?’’

त्यांनी झाकण डब्यावर ठेवलं आणि गेले.

विसाव्या दिवशी मी फोन उचलला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित दुसऱ्या दिवशी सगळं पक्कं होणार म्हणून, एकदा ऐकून घ्यावं असं वाटलं असेल. मी ‘हॅलो’ म्हणाले नाही. पलीकडे श्वास ऐकू आला, आणि मग सरांचा आवाज. आवाज सरांचाच होता, पण चाल निराळी होती. घाईची, अजिजीची, एसटीच्या डेपोतली.

‘‘जेवली काय वं?’’

मी फोन बंद केला. माझ्या आठवणीतला बाबांचा आवाज केव्हाच झिजला होता. सतरा वर्षांत मी त्यावर रागच इतका थापला होता की खाली काय आहे ते दिसेनासं झालं होतं. आणि इथे तो जिवंत होता, रोज चार दहाला, नको त्या माणसाच्या तोंडात.

गुरुवारी, एकविसाव्या दिवशी, दुपारी साडेतीनला ऋजुताबाई त्यांना घेऊन आल्या. इतक्या वर्षांत सरांचा शर्ट चुरगळलेला मी पहिल्यांदा पाहिला. नामदेवभाऊंनी त्यांना माझ्या काचेच्या दाराबाहेर बाकावर बसवलं. आत यंत्र तापवून ठेवलेलं होतं. प्रश्नपत्रिका मी सकाळीच लिहिली होती, सरळ क्रमाने, सहीसकट. वेळ संध्याकाळपर्यंत होती. अकरा मिनिटांचं काम. ते झालं असतं तर सर हलके होऊन घरी गेले असते, मुलीला ओळखीच्या नजरेने बघितलं असतं, आणि ती अजिजी, तो घाईचा आवाज, ‘तेवढं इचारून ठेवा तिले’, सगळं पातळ होऊन उरलेल्या जागेत अंग चोरून बसलं असतं. बाबा दुसऱ्यांदा गेले असते, आणि या वेळी मी स्वतः त्यांना आत पाठवलं असतं.

‘‘झालं ना वेळेत?’’ ऋजुताबाई धापा टाकत म्हणाल्या. ‘‘आज एकविसावा.’’

‘‘पहिला दिवस धरून मोजतात,’’ मी म्हणाले. ‘‘काल संपले एकवीस.’’

दार अर्धं उघडं होतं. बाकावर सरांनी मान वर केली. दिवस कसे मोजायचे हे इथल्या नियमांच्या वहीत त्यांनीच लिहिलं होतं: पहिला दिवस धरायचा नाही. मी खोटं बोलत होते हे तिथे माझ्याशिवाय फक्त त्यांना कळलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. बोला सर, म्हटलं मनात, आता तरी बोला. त्यांनी मान हळूच खाली घातली.

‘‘पण काल आम्ही निघालो होतो हो!’’ ऋजुताबाई रडू लागल्या. ‘‘ते रस्त्यातून परत फिरले. मी ओढून आणायला हवं होतं. काल आणलं असतं तर…’’

आणि माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं. मी ते ठरवलं नव्हतं, पण सतरा वर्षं ते तिथेच तयार होतं.

‘‘तशाही तुम्ही वेळेत पोचला नसता.’’

त्यांच्या तोंडावर काय उमटलं ते मी पाहिलं. तो चेहरा मला ओळखीचा होता, मी तो आरशात पाहिला आहे. हिने माझं काहीही बिघडवलं नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली, आणि तरी मी शब्द परत घेतले नाहीत.

त्या डोळे पुसत खुर्चीत बसून राहिल्या. मी प्रश्नपत्रिका उचलली, दोनदा घडी घातली आणि टराटरा फाडली. यंत्र बंद केलं. त्याचा घूं असा आवाज थांबला तशी एकदम शांतता झाली.

मी बाहेर आले. नामदेवभाऊंच्या टेबलापासून बाक दहा पावलांवर. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. सरांनी खिशातून फोन काढला. मी टेबलाशी, त्यांच्या समोरच उभी होते, मान वर केली असती तर दिसले असते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चष्मा कपाळावर चढवून, एकेक आकडा शोधत, त्यांनी नंबर लावला.

पोळ्यांच्या डब्यात माझा फोन वाजू लागला.

नामदेवभाऊंनी झाकण काढलं आणि डबा माझ्यापुढे धरला. फोन वाजत होता आणि बाकावरचा म्हातारा डोळे मिटून, कानाला फोन लावून, पुढे वाकला होता. माझ्या बाबांसाठी हा डबा कुणी उघडला नव्हता.

मी फोन उचलला.

‘‘जेवली काय वं?’’ दहा पावलांवरून आणि कानातून, दोन्हीकडून ऐकू आलं.

आत माझ्या टेबलावर जेवणाचा डबा सकाळपासून तसाच बांधलेला होता.

‘‘नाही, बाबा,’’ मी म्हणाले. ‘‘तुमच्यासाठी थांबले.’’